धावता कुत्रा

चीन देशातील एका नदीकाठच्या नगरात राजा चेंग राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व राजाची शिकारी कुत्री सांभाळणाऱ्यांच्या घरात जन्मला. त्याचे नाव लिआंग. सशामागे सर्वांत वेगाने पळणाऱ्या कुत्र्याला तिथले शिकारी ‘धावता कुत्रा’ म्हणत. तो कौतुकाचा शब्द होता.

पुढे राज्यात बंड झाले. कुओ नावाच्या अधिकाऱ्याने बंडखोरांना रानावनातून हुडकून ठार केले. त्यांत लिआंगचा धाकटा भाऊही होता. राजा भर दरबारात म्हणाला, “कुओ माझा धावता कुत्रा आहे.” कुओने आनंदाने मान लववली.

बंड मोडले, पण मेलेल्यांच्या घरांतला राग विझला नाही. राजाला त्याचे भय वाटू लागले. त्याने सगळा दोष कुओवर ढकलून त्याला पदावरून काढले. तेव्हा लोक राजाचाच शब्द कुओच्या तोंडावर फेकू लागले. धन्यासाठी आपल्याच माणसांच्या जिवावर उठणारा, असा आता त्याचा अर्थ झाला.

जमावाच्या हातून निसटून कुओ लिआंगच्या दारी आला. म्हणाला, “तुझ्या भावाला मीच मारले. तरी आत घेशील?”

लिआंगने दार पुरते उघडले. तो म्हणाला, “ये. दारात थांबू नकोस.”

त्याने कुओला कुत्र्यांच्या खोलीत पेंढ्याखाली लपवले आणि आपल्यातली अर्धी पेज दिली. चौथ्या दिवशी शिपायांनी दोघांना धरून नेले. लोकांचा राग शमवायला राजाने आज्ञा केली, “लिआंग, याच्यावर कुत्री सोड.”

“महाराज, माणूस फाडायला मी त्यांना शिकवलेले नाही. शिकवणारही नाही.”

राजाने कुओचा शिरच्छेद करवला आणि लिआंगला हद्दपार केले. वेशीवर लोक त्यालाही ‘धावता कुत्रा’ म्हणून ओरडत होते. त्या गर्दीत त्याची आई होती. तीही ओरडत होती. लिआंगने तिला वाकून नमस्कार केला आणि तो चालू लागला. पुढे नावडत्या कोणालाही लोक तोच शब्द चिकटवू लागले.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्षूंनो, आज सकाळी ज्या पिंगल भिक्षूला तुम्ही राजाचा हस्तक म्हणून हिणवलेत, तो तेव्हाचा कुओ. हिणवण्यात पुढे असलेला तुमच्यातला सुदंत तेव्हा राजा चेंग होता. लिआंग मीच होतो. त्या आईचा राग इतक्या जन्मांनंतरही अजून निवलेला नाही. त्या जन्मी माझ्या करुणेने कोणी वाचले नाही. तरी ती करुणाच होती.”