पांढरं म्हणून काय दाखवलंस

"मॅडम, यातला खरा रंग कुठला धरायचा?"

स्क्रीनवर तीन फोटो शेजारीशेजारी होते. एकात तांबड्या पेशी टवटवीत, एकात फिकुटलेल्या, तिसऱ्यात चक्क हिरवट. स्लाईड मात्र एकच. आणि तिच्यावरचं रक्त ऋजुताच्या चार वर्षांच्या लेकीचं, चार्वीचं.

गोगटे मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या.

एरवी मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्याच्या कामात ऋजुताचा हात धरणारं त्या पॅथॉलॉजी विभागात कोणी नव्हतं. परिषदेला निघालेला जो तो आधी तिच्याकडून फोटो काढून घ्यायचा, आणि ते तिला मनातून आवडायचंही. आज मात्र सकाळपासून ती स्क्रीनवरची रंगाच्या टोनची पट्टी नुसती इकडंतिकडं सरकवत बसली होती. चार्वी नीट जेवत नव्हती, फिकट दिसत होती. हिमोग्लोबिन व्यवस्थित आहे, असं मशीननं सांगून झालं होतं. पोरगी ठणठणीत आहे, असं सासूबाईही म्हणत होत्या. पण मशीन जुनं झालंय आणि सासूबाईंच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, असं ऋजुतानं ठरवून टाकलं होतं.

"पट्टी डावीकडं नेली की ती आजारी दिसते. उजवीकडं नेली की बरी."

स्वतःचंच बोलणं ऐकून ती ओशाळली.

"व्हाइट बॅलन्स कुठं केलास?"

ऋजुता पुन्हा पट्टी सरकवायला लागली.

"पांढरं म्हणून कॅमेऱ्याला काय दाखवलंस, ऋजुता?"

नव्या विद्यार्थ्यांना हे ती स्वतःच शिकवायची. आधी काचेवरची कोरी जागा दाखवा, कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते कळू द्या, मग पेशींकडं वळा.

"पेशींवरच केला," ती शेवटी म्हणाली. "तिथून नजर हलवायचा धीर होईना."

मॅडमनी स्क्रू फिरवला. चार्वीच्या पेशी सरकत सरकत कडेला गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

"मॅडम, इथं तर काहीच नाही."

"नाहीच आहे."

त्यांनी बटण दाबलं. पिवळट दिसणारा मोकळा स्क्रीन पांढरा झाला. मॅडम तशाच बघत राहिल्या... ऋजुताचा हात स्क्रूकडं गेला. त्यांनी तो हलकेच बाजूला केला, आणि आणखी थोडा वेळ बघत राहिल्या.

मग पेशी परत आणल्या. सगळी स्लाईड सावकाश पाहिली. पेशी उत्तम आहेत, म्हणाल्या, आकारानं आणि रंगानंही. पोरीला काही झालेलं नाही. वरणभाताचा कंटाळा आला असेल तर थालीपीठ लावून बघ.

ऋजुताला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"पण मॅडम, घरी ती मला फिकटच दिसते. दारातून आत पाऊल टाकलं की पहिली नजर तिच्या चेहऱ्यावरच जाते... तिथं काय करू?"

मॅडमनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.

"आधी जरा कोऱ्या भिंतीकडं बघ."