चेअरमनच्या नातवाचं नाव

मंडळी, भरवसा ठेवायचा कुणावर, यंत्रावर की माणसावर? मी बेदाण्याचा व्यापारी. तासगावच्या एका शीतगृहात भरदुपारी पाहिलं, संगणकाला कुणाचा हात नव्हता, तरी पडद्यावरचा बाण सरकत होता आणि एकेका खोलीची थंडी बंद पडत होती.

चेअरमन दिनकरराव ऑपरेटर इंदूला म्हणाले, "व्हायरस तुझ्या टेबलावर शिरला. राजीनामा लिही."

"लिहिते, साहेब. फक्त पासवर्ड बदलायचा अधिकार माझ्याकडे होता, एवढं त्यात तुमच्या हातानं लिहा."

दिनकररावांनी पेन उचललं, पण ते कागदावर टेकेना. तो अधिकार त्यांनी कुणालाच दिला नव्हता. पासवर्ड होता त्यांच्या नातवाचं नाव, गावभर ठाऊक. तेवढ्यात तेच नाव पडद्यावर आपोआप, अक्षर-अक्षर उमटलं; कुणीतरी बाहेरून, इंटरनेटवरून ते टाइप करत होतं.

ते हळूच म्हणाले, "इंटरनेटची वायर काढ, पोरी. नवा पासवर्ड तूच ठरव."

तेव्हा मंडळी, अधिकार कुणाचा आणि दोष कुणाचा, एवढा हिशेब खरा ठेवा.