डोंगर उठून गेला त्या गावाची गोष्ट

एकदा काय झालं, एका गावातला डोंगर उठून निघून गेला. हो हो, डोंगर! हसू नका रे, खरंच गेला. त्याच्याआधी नदी गेली होती आणि त्याच्यानंतर... थांबा, नीट पहिल्यापासून सांगते. पाय पांघरुणात घ्या आधी.

हे गाव आपल्याकडचं नाही बरं का. लांब, खूप लांब, स्लोवाकिया नावाचा देश आहे. त्या देशाला समुद्र नाही. डोंगर आहेत आणि काळीभोर रानं आहेत. थंडीत बर्फ असा पडतो की दारच उघडत नाही. त्या देशात एक चिमुकलं गाव होतं, हर्बोव्हेत्स. म्हणा बघू. हर्-बो-व्हेत्स. जमलं की!

गावाच्या पाठीशी मोठा डोंगर, त्याचं नाव स्तारेत्स. म्हणजे म्हातारबाबा. गावाच्या पायाशी नदी, तिचं नाव बिस्त्रा. म्हणजे चपळ. आजोबांच्या मांडीवर नातवंड बसावं तसं गाव त्या दोघांच्या मधे बसलेलं. मधोमध चौक, चौकात लिंडनचं जुनं झाड, आणि झाडाखाली बाकं.

गावात माणसं तीन तऱ्हेची. पहिले धनगर. ते मेंढरांच्या मागे मागे, डोंगरांच्या धारेवरून चालत आलेले. दुसरे खाणवाले. त्यांना कुठल्याशा राजाने जर्मन मुलखातून बोलावलं होतं, डोंगरातलं तांबं काढायला. आणि तिसरे तराफेवाले. ते ओंडके बांधून तराफे करायचे आणि नदीवरून लाकूड खाली मोठ्या शहरांना न्यायचे.

आणि या गावात राहायची दोरोता. तिचे वडील खाणवाले. आई धनगरीण. आणि नवरा, मातूश, तराफेवाला. म्हणजे अख्खं गाव तिच्या एका चुलीपाशी जेवायचं म्हणा ना! वडील आता नव्हते. आई मात्र तिच्याजवळच असायची, येवा नावाची, मेंढीच्या दुधाचं चीज करायची आणि जावयावर ओरडायची.

तर झालं काय, गावाचा वाढदिवस आला. त्या दिवशी मिरवणूक निघे. आजवर कोणी कुठेही चाले. त्या वर्षी कोण जाणे कुठून, भांडण निघालं, की पुढे कोणी चालायचं? कोणीतरी म्हणालं, "जे आधी आले, ते पुढे." झालं!

धनगरांचा म्होरक्या होता ओंद्रेय. येवाचा धाकटा भाऊ, म्हणजे दोरोताचा मामा. तो झाडाखालच्या बाकावर चढला आणि छाती काढून म्हणाला, "आधी आम्ही! आम्ही आलो तेव्हा इथे नदीसुद्धा नव्हती. आमच्या मेंढरांनी खूर आपटले, तेव्हा पाणी निघालं!"

धनगरांनी टाळ्या वाजवल्या. सगळे घरी गेले.

सकाळी दोरोता बादली घेऊन पाण्याला गेली. रोजच्यासारखी घाटावर वाकली, बादली सोडली, आणि बादली गवतात पडली. धप्प! दोरोताने डोळे चोळले. पाणी नाही. वाळू नाही, गोटे नाहीत, ओलसुद्धा नाही. नुसतं गवत, आणि गवतात पिवळी फुलं. दगडी पूल तेवढा उभा, गवतावरून गवतावर जाणारा. तराफे कुरणात बसलेले, म्हशी बसतात तसे. जणू नदी तिथे कधी नव्हतीच!

दोरोताने पुलावरून वाकून हाक मारली, "बिस्त्रा!" नदीला कोणी हाक मारतं का? पण तिने मारली. कोणी ओ दिली नाही.

मग चौकात आरडाओरडा. तराफेवाले धनगरांवर धावले. तेवढ्यात खाणवाल्यांचा म्होरक्या उठला. मेल्खिओर त्याचं नाव, पांढरी दाढी, तोंडात चिलीम. तो म्हणाला, "नदीचं काय घेऊन बसलात? आम्ही आलो तेव्हा इथे डोंगरसुद्धा नव्हता. सपाट माळ! खाणीतला दगड आमच्या बापजाद्यांनी बाहेर टाकला, त्याचा हा डोंगर झाला!"

दुसऱ्या दिवशी दोरोताला ऊन लागून जाग आली. इतक्या सकाळी ऊन? त्या घरात ऊन यायचं ते दुपार होताना, डोंगर ओलांडून. तिने खिडकी उघडली.

डोंगर नव्हता.

जिथे डोंगर तिथे आभाळ. नुसतं आभाळ, पार खालपर्यंत! मेंढरं सपाट माळावर उभी, मान वर करून शोधताहेत. खाणीत उतरायची शिडी गवतात आडवी पडलेली. दोरोता मटकन खालीच बसली.

पण बसल्या बसल्या तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नदी नव्हती म्हणाले, नदी गेली. डोंगर नव्हता म्हणाले, डोंगर गेला. डोंगराला कान असतात बरं का. नदीलाही असतात.

ती धावत मातूशकडे गेली. "तू काही बोलू नकोस. तुझ्या पाया पडते. चौकात जा, पण तोंड उघडू नकोस."

"नाही बोलत," मातूश म्हणाला.

पण चौकात मेल्खिओर त्याला हसला. "हे तराफेवाले! ओंडक्यावर बसून वाहत आलेले! यांना कशाला पुढे जागा?"

दोरोता आईचा हात धरून उभी होती. तिने पाहिलं, मातूशचे कान लाल झाले. ती ओरडली, "मातूश, नको!" पण तो बोलून गेला होता.

"आम्ही आलो तेव्हा इथे कोणी नव्हतं! चिटपाखरू नव्हतं!"

या खेपेला सकाळ व्हायचीसुद्धा वाट पाहिली नाही. दोरोताच्या हातात आईचा हात होता, आणि मग नव्हता. मूठ रिकामी! धनगर नाहीत, खाणवाले नाहीत, पोरंबाळं नाहीत. मेल्खिओरची चिलीम फरशीवर पडलेली, तिच्यातून अजून धूर येतोय. मूठभर तराफेवाले तेवढे एकमेकांकडे बघत उभे.

आणि मातूशने बायकोकडे पाहिलं तर काय! तिच्या अंगातून पलीकडचं झाड दिसतंय. बाप खाणवाला, आई धनगरीण. तीच माणसं कधी नव्हती, तर दोरोता कुठून असणार? ती धुक्यासारखी विरत चालली होती. मातूशने तिला धरायला हात पुढे केला, हात आरपार गेला.

"दोरोता!" तो किंचाळला.

"रडू नकोस," ती म्हणाली. आवाजसुद्धा पुसट झाला होता. "खरं सांग. तुझे पणजोबा इथे आले तेव्हा कोण होतं? लवकर सांग रे!"

मातूश गुडघ्यांवर बसला. "होते," तो म्हणाला. "माणसं होती. पणजोबांचा तराफा फुटला होता. बर्फाचं पाणी. एका धनगराने काठीचा आकडा घालून त्यांना ओढून काढलं. एका खाणवाल्याने घरी नेऊन भट्टीपाशी निजवलं. नाहीतर मेलेच असते ते. माणसं होती गं! मला ठाऊक होतं, तरी बोललो."

मग धुक्यासारखे झालेले दोरोताचे हात पुन्हा घट्ट झाले. आणि शेजारून आवाज आला, "गाढवा! एवढं सांगायला एवढा वेळ?" कोण असेल? येवा! आई परत आली होती, आणि चौक माणसांनी भरला होता.

येवाने जावयाला सोडलं आणि भावाला धरलं. "ओंद्रेय, आता तू."

"चारचौघांत?" ओंद्रेय मामा पुटपुटला.

"खोटं कुठे बोललास? चारचौघांतच ना?"

मग तो मान खाली घालून म्हणाला, "नदी होती. आपली मेंढरं तहानेने मरायला टेकली होती. त्यांना पाण्याचा वास आला आणि ती धावत सुटली. आम्ही त्यांच्या मागे." शब्द संपले मात्र, पुलाखालून धो धो आवाज आला. तराफे डुलायला लागले!

राहिला मेल्खिओर. तो चिलीम उचलून बाकावर बसला. "खाणवाला शब्द फिरवत नाही," म्हणाला. लोकांनी समजावलं, शिव्या दिल्या, हात जोडले. दुपार झाली. म्हातारा हलेना.

मग दोरोता त्याच्या शेजारी जाऊन बसली. हळूच म्हणाली, "मेल्खिओर काका, माझे बाबा खाणीत दबले, तेव्हा तुम्हीच होतात ना बरोबर? त्यांना बाहेर काढता आलं नाही. डोंगराच्या पोटातच राहिले ते. डोंगर कधी नव्हताच, तर मग माझे बाबा कुठे आहेत?"

मेल्खिओरने चिलीम बाकावर ठेवली. दाढीवरून पाणी ओघळलं. "होता पोरी," तो म्हणाला. "डोंगर होता. आमचे बापजादे पहिल्यांदा इथे आले तेव्हा त्याला बघून घाबरले होते. होता, होता."

आणि धडाडधूम! डोंगर आला! अख्खं गाव हादरलं, कौलं खडखडली, मेंढरं बें बें करत सुटली.

पण गंमत ऐका. घाईघाईत म्हातारबाबा बसला तो उलटा! पाठ इकडे, तोंड तिकडे. झालं काय, की खाणीचं तोंड आलं थेट धनगरांच्या अंगणात. मेंढरांची वाट गेली खाणवाल्यांच्या परसातून. आणि तराफ्यांच्या लाकडाचं जंगल उतरलं दोघांच्या मधे. आता कामाला निघायचं तर रोज दुसऱ्याच्या दारावरून जायचं. जाता जाता, "या, दूध घ्या," "थांबा, ऊब घ्या." डोंगराला कोणी म्हणालं नाही, की बाबा, सरळ बस.

दोरोता आणि मातूश सुखात राहिले, येवाचा ओरडा खात खात. तुम्हीही सुखात राहा. डोंगर आपल्या जागी आहे, नदी आपल्या जागी आहे, आणि मी इथे तुमच्या उशाशी आहे. मिटा डोळे आता.