दहावा माणूस आणि रिकामी खुर्ची

फार वर्षांपूर्वी, खाडीपासून बरंच आत, डोंगराखालच्या एका गावात हासाजी नावाचा तेली राहत होता. तो बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला यहुदी होता. शनिवारी त्याचा घाणा बंद, म्हणून गाव त्याला शनिवार तेली म्हणे.

त्याची बायको वारली, तिला त्यानं गावाबाहेर आंब्याखाली पुरलं आणि मग त्याच्या लक्षात आलं, की तिच्यासाठी कद्दिश म्हणता येणार नाही. मेलेल्यांसाठीची ती प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय होत नाही. गावात बेने इस्रायल पुरुष एकच होता, तो स्वतः.

"मग माणसं आणू," त्याची मुलगी रिबका म्हणाली. "पाणी आहे, तीळ पिकतो, घाण्यांना काम आहे. बोलावलं तर येतील."

हासाजीनं खाडीकाठची गावं पालथी घातली. कोणी हसलं, कोणी चहा पाजून परत पाठवलं. पण माणसं आली. आधी तिघे भाऊ आपापले बैल घेऊन आले, मग आणखी काही घरं. दानियल नावाचा सुतारही बायकोपोरांसकट आला.

वस्ती झाली, तसं प्रार्थनाघर बांधायला घेतलं. दार दानियलनं बसवलं, बाकं त्यानं केली आणि एलियाहू हन्नाबीची खुर्चीही त्यानंच घडवली. त्या संदेष्ट्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवायची रीत आहे. तो कधी येईल आणि कोणाच्या रूपात येईल, कोणी सांगावं?

आईच्या वर्षाच्या दिवशी प्रार्थनाघर उघडायचं ठरलं. रिबकानं पहाटे उठून पोह्यांत गूळखोबरं घालून मलिदा केला. आत नऊ पुरुष बसले होते. दानियल पाय धुऊन उंबऱ्याशी आला, तेवढ्यात तिघांतला थोरला भाऊ दारात आडवा आला.

"तू ओट्यावर बस."

"का?"

"तुझी आई आपल्यातली नव्हती."

"लग्नाआधी तिनं खाडीत बुडी मारून धर्म घेतला. तेव्हा प्रार्थना तुमच्याच वडिलांनी म्हटली होती."

"म्हटली असेल. हाड बदलतं का त्यानं?"

बायकांच्या बाजूनं रिबकाचा आवाज आला. "दार बसवून घेताना त्याचं हाड कोणी तपासलं नव्हतं."

"हासाजी, पोरीला आवर. हा आत आला तर आम्ही तिघं बाहेर."

सगळे हासाजीकडे बघू लागले. त्याला एवढंच म्हणायचं होतं, की दानियल आत येईल. पण त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. एकाला बाहेर ठेवलं तर एकच जातो, आत घेतलं तर तिघं जातात. तो खाली बघत म्हणाला, "आज राहू दे. शहरातून कोणी पाहुणा बोलावू. मग होतील दहा."

रिबकाच्या अंगाचा तिळपापड झाला. आपला बाप धीराचा आहे, असं ती आजवर समजत होती. ती तडक आत आली, एलियाहूची खुर्ची उचलली आणि बाहेर ओट्यावर आणून आदळली.

"हे काय चाललंय?" थोरला ओरडला.

"एलियाहू कोणाच्याही रूपात येतो, हे माझ्या वडिलांनीच मला लहानपणी सांगितलं. उद्या तो आलाच, तर तुम्ही आधी त्याची आई विचाराल. मग त्याची खुर्ची इथेच बरी."

"रिबका, खुर्ची आत ठेव," हासाजी म्हणाला.

ती जागची हलली नाही. शेवटी दानियलनं खुर्ची उचलली, आत नेली, होती तिथे ठेवली आणि पंच्यानं पुसली. तेव्हा त्याला कोणी अडवलं नाही. ओझं घेऊन आत आलेला माणूस त्यांना चालत होता.

दानियलनं त्याच आठवड्यात गाव सोडलं. शहरातला पाहुणा काही आला नाही. पुढच्या वर्षी ते तिघे भाऊही निघाले. जाताना थोरला काय म्हणाला? "इथे दहा माणसं जमायची नाहीत. कसली ही वस्ती?" हे बोलताना त्याला काहीच वाटलं नाही. त्यांच्यामागून बाकीची घरं गेली. दानियलनं बसवलेल्या दाराला वाळवी लागली.

हासाजी थकला, तेव्हा रिबकाच्या कानावर आलं, की खाडीपलीकडे दानियलनं चार घरं जमवली आहेत. तिथे प्रार्थना होते.

"चला," ती बापाला म्हणाली.

"तो मला आत घेईल?"

"तुम्ही त्याला घेतलं नव्हतं. आता त्याचं तो बघेल."

ते पोचले तेव्हा दानियल दारातच उभा होता. केस पांढरे झाले होते. "हासाजीकाका, पाय धुवा आणि आत या. आज एक माणूस कमी पडलाय, आम्ही नऊजण कधीचे थांबलोय."

हासाजी उंबऱ्यावर अडखळला. "मला काही विचारणार नाहीस?"

"एकच विचारायचंय. काकूंसाठी कद्दिश म्हटला का कधी?"

हासाजीनं नकारार्थी मान हलवली.

"मग आज म्हणा."

तो आत गेला आणि दहा झाले. त्यानं प्रार्थना म्हटली. रिबका बाहेर ओट्यावर उभी राहून ऐकत होती. आई तिकडे आंब्याखाली, गवत माजलेल्या जागेत एकटी होती. 'दानियल आत येईल' या एका वाक्यानं जे तेव्हाच, तिच्या उशाशी झालं असतं, त्याला इतकी वर्षं लागली आणि अख्खी वस्ती गेली. आतून सगळे आमेन म्हणाले. रिबकाही म्हणाली, पण तिचा राग गेला नव्हता, आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं.

तात्पर्य एवढंच: न आलेल्यासाठी खुर्ची मांडून आलेल्याला जे ओट्यावर बसवतात, त्यांची वस्ती उभी राहत नाही, आणि ती मोडण्यात दार अडवणाऱ्याइतकाच खाली बघणाऱ्याचाही हात असतो.