पालीची साक्ष

फार मागे, डोंगरापलीकडच्या एका वाडीत धुळोजी नावाचा घोंगडी विणणारा राहत होता. हात कुशल, पण मन संशयी. देवळातला प्रसादही तो आधी हुंगून पाही.

एका संध्याकाळी त्याच्या लेकीसाठी, ठकूसाठी, स्थळ घेऊन म्हाळूबाबा आले. मुलगा त्यांचा पुतण्या. ठकूने त्याला जत्रेत पाहिले होते आणि तो तिच्या मनात भरला होता.

"मुलाला काही व्यसन?" धुळोजीने विचारले.

"दारूचा थेंब शिवत नाही."

भिंतीवर पाल चुकचुकली.

धुळोजीने कान टवकारले. कोणी बोलताना पाल चुकचुकली की ते बोलणे खोटे, असा त्याच्या घरचा समज होता.

"स्वभाव?"

"कोकरासारखा गरीब."

चुक् चुक्.

"पोरीला नीट नांदवाल ना?"

"आमचीच लेक समजा, पाव्हणं."

चुक् चुक् चुक्!

धुळोजीला घाम फुटला. "विचार करून कळवतो," तो म्हणाला. म्हाळूबाबा समजायचे ते समजले. दुधाचा पेला तसाच ठेवून ते उठले.

बायको कडाडली, "अहो, पाल आहे ती, पंच नव्हे! आणि माझ्या माहेरी तर पाल चुकचुकली की बोलणं खरं मानतात."

"असं होय!"

"तुमच्या सोयरिकीच्या वेळी चुकचुकली होती. म्हणून तर मी फसले!"

धुळोजी दोन दिवस अस्वस्थ होता. शेवटी त्याने भिंतीपुढे हात जोडले. "पालीबाई, त्या मुलाचं तुला काय ठाऊक होतं?"

"कुठला मुलगा?" पाल म्हणाली. "त्या दिवशी आढ्यावरून दुसरी पाल माझ्या भिंतीवर उतरत होती. तिला मी दटावत होते. इथले किडे माझे, तुझी लोकर कुरतडणारे पतंगही माझे. ते मी खाते, म्हणून तुझ्या घोंगड्या शाबूत राहतात. माणसांचं खरंखोटं मला काय कळतं?"

धुळोजी धावतच म्हाळूबाबांच्या गावी गेला. त्यांनी त्याला घोंगडीवर बसवले, पाणी दिले.

"उशीर केलात, पाव्हणं. कालच दुसरीकडे सुपारी फुटली."

धुळोजी घरी परतला. त्याचा चेहरा पाहूनच ठकू काय ते समजली. स्वतःच्या लग्नासाठी मागावर घेतलेली घोंगडी तिने अर्धीच कापून उतरवली.

तात्पर्य: मनात संशय बसला की भिंतीवरची पालही साक्षीदार वाटते.