नवरदेवाच्या पोशाखाची यादी

लग्नाच्या याद्या करायला दोन्ही घरं बसली, तेव्हा दादासाहेब चौबळांनी वरपक्षाचा कागद पुढे सरकवला. नवरदेवाचा सूट, शेरवानी, बूट, घोडा, बँड, सगळा खर्च मुलीच्या बापाचा.

"आमच्या घराण्याची रीतच आहे, प्रोफेसर."

मुकुंदराव टिपणीसांनी जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं होतं, पण चारचौघांत तोंड उघडायची त्यांना धास्ती वाटे. बोललो आणि लग्न मोडलं तर? त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिची खाली गेलेली मान पाहून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"देतो," ते म्हणाले. "पण आमचीही रीत आहे. दिलेल्या प्रत्येक भांड्यावर आम्ही नाव घालतो. तसंच सुटाच्या पाठीवर जरीनं लिहून घेईन, 'मुकुंद टिपणीस यांजकडून सप्रेम भेट'. घोड्याच्या झुलीवरही."

"अहो, लोक काय म्हणतील? चौबळांना पोराला कपडे घेता येत नाहीत?"

"तेच तर मलाही विचारायचं होतं, दादासाहेब!"

नवरा मुलगा उठला, त्यानं तो कागद उचलला आणि टराटरा फाडला.

"सूट मी माझ्या पगारातून शिवतो, बाबा. घोडा नकोच. मी चालत येईन."