द्रोणाची सुतळी

“पण माझ्याच भाताला का नाही?”

त्रिविक्रम वैद्यांनी सकाळपासून हे तिसऱ्यांदा विचारलं.

भागामाय कपारीच्या तोंडाशी चूल फुंकत बसली होती. लाकूड ओलं होतं. तिने मान वर केली नाही.

“मासं म्हंजे तुजं घरगडी हायेत व्हय, वैद्यबुवा? हाक मारली की यायाला?”

भागामाय भोयाची विधवा. चाळीस वर्षं नदीच्या या कोंडावर राहत आलेली. कोंड म्हणजे खडकांच्या मधला खोल डोह. पाणी वरून येई, खालच्या फटीतून सरकत पुढे जाई. पण इतकं सावकाश की नवख्याला ते थांबलेलंच वाटावं. त्यातले काळ्या पाठीचे मोठाले मासे देवाचे. त्यांच्यावर जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, हा पिढ्यान् पिढ्यांचा नेम. मायला कुणी गुरू म्हटलं की ती खो खो हसायची. तरी भलेभले येऊन तिच्या चुलीचा धूर डोळ्यांत घेत बसून राहायचे.

आणि पंचक्रोशीत एक समजूत होती. दहाव्याला ज्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही, त्याच्या नावचा भात कोंडावर आणायचा. माशांनी खाल्ला, की गेलेला माणूस सुटला.

वैद्यांच्या वडिलांच्या, अण्णांच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता.

दोन तास सगळा गाव घाटावर उन्हात ताटकळला. वैद्यांनी हात जोडून एकेक कबूल केलं. अण्णा, गाय दान करीन. अण्णा, देवळापुढे पार बांधीन. अण्णा, तुमचं नाव राखीन. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते. एकही खाली उतरला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक खाली माना घालून घरी गेले.

दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बापाचं ज्याने एकहाती केलं, त्याच्या पदरी हे आलं. वैद्यांना ते फार लागलं होतं. अण्णा आपल्यावर रागावून गेले का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्या दिवसापासून अन्न गोड लागत नव्हतं.

म्हणून ते कोंडावर आले होते. आज पाचवा दिवस.

मासे भाताला तोंड लावत नव्हते. वैद्य मात्र विद्वान होते, त्यांच्यापाशी कारणांना तोटा नव्हता.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, “मार्गशीर्षाची थंडी आहे. गारठ्याने माशांचा अग्नी मंद झालाय. त्यांना भूकच नाही.”

तेवढ्यात वरच्या वाडीची एक बाई धुणं घेऊन आली. तिने पदरातला शिळ्या भाकरीचा चुरा न बघताच पाण्यावर झटकला आणि धुणं आपटायला बसली. कोंड उकळल्यासारखा झाला. मासे एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारत होते.

भागामाय म्हणाली, “अग्नी पेटला वाटतं.”

दुसऱ्या दिवशी वैद्य म्हणाले, “माझी सावली पाण्यावर पडते. त्याला बुजतात.”

“हे खरं हाय. सावलीला बुजत्यात.” मायने कबूल केलं. “मग पल्याड जाऊन बस.”

ते पलीकडे जाऊन बसले. सावली मागे खडकावर पडली. भात मात्र तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जोडे काढले, पावलांचा हादरा नको म्हणून. चौथ्या दिवशी भातात तूप वाढवलं, गूळ घातला. मासे द्रोणाजवळ येत, वळसा घालत, आणि काहीतरी आठवल्यासारखे परत फिरत.

आज वैद्यांचा धीर सुटला होता.

“तुम्ही चाळीस वर्षं यांच्या संगतीत आहात,” ते म्हणाले. “सरळ सांगा. अण्णा रागावलेत का?”

“तुजा अन्ना मला ठावं न्हाई. मला मासं ठावं हायेत.”

“मग माशांचं सांगा.”

भागामाय उठली. गुडघ्यावर हात देत खडकाशी आली. वैद्यांचा द्रोण पाण्यात होता. पळसाच्या पानांचा नेटका द्रोण, आत आंबेमोहोराचा भात, वर काळे तीळ. द्रोणाला बारीक सुतळी बांधलेली, आणि तिचं दुसरं टोक वैद्यांच्या बोटाला गुंडाळलेलं.

“हे काय?”

“द्रोण वाहून जाऊ नये म्हणून.”

“गेला तर?”

“गेला तर कुठेतरी खाली फटीत जाईल. तिथे मासा खातो की कुजतो, मला कसं कळणार?”

मायने ओच्यातून शिळी भाकरी काढली.

तिने भाकरीचा एक पोपडा मोडला. दोन तुकडे केले. आपल्या लुगड्याच्या दशीतून एक सूत ओढलं, एका तुकड्याला बांधलं, आणि दोन्ही तुकडे एकदमच पाण्यावर सोडले. सुताचं टोक तिच्या चिमटीत होतं.

तुकडे जोडीने सरकू लागले.

खालून एक मोठा मासा वर आला. पहिला तुकडा त्याने सहज टिपला. मग दुसऱ्याकडे वळला. नाक अगदी तुकड्याला भिडलं. त्याच क्षणी सूत ताणलं गेलं आणि तुकडा जागच्या जागी अडला. पाणी पुढे गेलं, तुकडा मागे राहिला.

मासा थबकला. शेपटीचा फटका मारून खोल निघून गेला.

“पण त्याला गळ नव्हता!” वैद्य म्हणाले.

“न्हवता.”

“भाकरी तीच होती.”

“तीच.”

“मग मासा भ्याला कशाला? त्याला काही इजा होणार नव्हती...”

मायने सूत ओढून घेतलं. भिजलेला तुकडा तळहातावर धरून ती वैद्यांकडे नुसती बघत राहिली.

वैद्य पुढे बोलायला गेले आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांना अण्णांचं तोंड दिसलं. गच्च मिटलेलं.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. शेवटचे नऊ दिवस अण्णांनी त्यांच्या हातचा घास घेतला नव्हता. चमचा ओठाशी नेला की मान भिंतीकडे फिरवत. शेवटचं पाणीसुद्धा ओठांच्या कडेने ओघळून उशीत गेलं. विचारायला येणाऱ्यांना वैद्य सांगत, अन्नद्वेष आहे, या अवस्थेत होतो. ग्रंथात तसं होतंही.

“माय...” ते म्हणाले. “माझा धाकटा भाऊ आहे. श्रीरंग. शहरात असतो. वर्षातून एकदा तोंड दाखवायचा. आणि अण्णा उठल्याबसल्या त्याचंच नाव घ्यायचे.”

माय खडकावर टेकली.

“करत मी होतो. हगणंमुतणं मी काढत होतो. म्हणून मी घास देताना विचारायचो.”

“काय?”

“‘कोण भरवतंय, अण्णा? श्रीरंग आला का भरवायला?’... त्यांनी मान हलवून ‘नाही’ म्हटलं, की मग घास द्यायचो.”

“रोज?”

“प्रत्येक घासाला.”

धुण्याच्या दगडावरून एक धोबी पक्षी शेपूट हलवत उडाला. वैद्य लहान मुलासारखे रडत होते. एवढा मोठा माणूस, चार गावांची नाडी पाहणारा. पण रडताना नाक पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

मायने त्यांना रडू दिलं. चुलीत लाकूड एकदाचं पेटलं होतं, तिकडे जाऊन तिने तवा ठेवला, पीठ मळलं, एक भाकरी थापून टाकली. मग परत आली.

“तुजा भात निवला,” ती म्हणाली.

वैद्यांनी बोटाची सुतळी सोडली. बोटावर लाल वळ उठला होता. द्रोणाची गाठ पाण्याने आवळली होती. ती सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी तोडली. द्रोण दोन्ही हातांत धरून ते थोडे थांबले. ओठ हलले. काहीतरी कबूल करायचं असावं. पण ते बोलले नाहीत. त्यांनी द्रोण पाण्यावर ठेवला आणि हात काढून घेतले.

द्रोण सरकू लागला.

“माय, तू बघशील ना? खाल्ला तर...”

“मला भाकरी उलटायची हाय. चल, तेवढी लाकडं घे वर.”

तिने खडकावर पडलेली सुतळी उचलली आणि वाळल्या काटक्यांची मोळी करकचून बांधली. वैद्यांनी मोळी खांद्यावर घेतली. दोघं खडक चढू लागले. म्हातारी पुढे, वैद्य मागे.

सात-आठ पावलं झाली असतील.

पाठीमागे कोंडात खळबळ झाली. मोठी. पाण्याचे थेंब खडकावर पडल्याचंही ऐकू आलं. धुणं तर आज कुणी आणलं नव्हतं.

वैद्यांचं पाऊल अडखळलं. मान अर्धी वळली.

भागामाय वळली नाही. चढता चढताच म्हणाली,

“मागं बघू नगंस, लेकरा... दोरा ताणतोय.”